निराशा आणि प्रयोजन: तरुण संघाच्या सहा बैठकांचा आराखडा तपासून हवा

मंगळवारची_बैठक

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या तरुण संघासाठी 'निराशा आणि जीवनाचं प्रयोजन' या विषयावर सहा बैठका घ्यायच्या आहेत. येणारे बारा ते पंधरा जण, वय २० ते ३०. बरेच स्पर्धा परीक्षांचे दोन-तीन प्रयत्न हुकलेले, काही नोकरी सुटलेले. प्रत्येक बैठक ७५ मिनिटांची.

सध्याचा आराखडा असा: पहिली बैठक यिर्मया २९:११, दुसरी फिलिप्पै ४:१३, तिसरीत 'माझं प्रयोजन' हा दोन पानी फॉर्म भरून घेणं, चौथीत एलीया संदेष्टा, पाचवी-सहावी साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं हे लोकांनी सांगणं) आणि स्तुतिगीतं. दुरुस्त्या सुचवा. फक्त 'प्रार्थना करा, सगळं ठीक होईल' एवढंच नको. ते त्यांनी पोटभर ऐकलेलं आहे.

कुंभारवाडा

आराखडा उलटा लागलाय. चौथी बैठक पहिली करा आणि फॉर्म आधी फाडून टाका. :)

एलीयाची गोष्ट, म्हणजे बायबलातला १ राजे १९, कागद-पेन्सिल घेऊन वाचा आणि घटनांचा क्रम लिहून काढा. आदल्याच अध्यायात कर्मेलवर अग्नी उतरलाय, पाऊस आलाय, एलीया अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावलाय. ते अंतर पंचवीस-तीस किलोमीटर भरेल. मग ईजबेल राणीची जिवे मारण्याची धमकी येते आणि हा बैरशेब्याला पळतो, म्हणजे आणखी सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला. तिथे एक गोष्ट घडते जी प्रवचनात हमखास गाळली जाते: तो नोकराला मागे ठेवतो आणि पुढे एक दिवसाची वाट एकटाच रानात जातो. रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो ते त्यानंतर.

म्हणजे शरीर थकलेलं, पोट रिकामं, सोबत स्वतःच सोडलेली. देव यावर काय करतो? काही बोलत नाही. झोपू देतो. दूत येऊन हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं जातं, आणि कारणही दिलं जातं की पुढची वाट तुला झेपणार नाही. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेबच्या गुहेत.

तुमच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न पहिल्या ओळीत आहे. फरक एवढाच.

मधली_सुट्टी

फॉर्मवर एवढा राग का? ज्याला कशासाठी जगायचं हेच कळत नाही, त्याला भाकर खाऊन काय होणार? प्रयोजन सापडलं की बाकीचं आपोआप उभं राहतं, असंच शिकवलं जातं ना?

कुंभारवाडा

शिकवलं जातं, पण त्या अध्यायात तसं घडत नाही. पुढचं वाचा. वारा, भूकंप, अग्नी होऊन जातात, मग शांत मंद वाणी. प्रश्न पुन्हा तोच, आणि एलीयाचं उत्तरही शब्दशः तेच: मी एकटाच उरलोय. दर्शन होऊनसुद्धा त्याचं गाऱ्हाणं एका शब्दानेही बदललेलं नाही! हे मुलांना जरूर दाखवा, कारण 'मला देवाचा अनुभव आला तरी मन हलकं झालं नाही, म्हणजे माझाच विश्वास खोटा' ही समजूत फार जणांना आतून खाते.

देव त्या गाऱ्हाण्याशी वाद घालत नाही. काम देतो. अरामाचा राजा म्हणून हजाएलाला अभिषेक कर, इस्राएलाचा राजा म्हणून येहूला कर, तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अलीशाला कर. शिवाय बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार शिल्लक आहेत, असं सांगून 'मी एकटाच' हा आकडा तेवढा दुरुस्त करतो.

आता गंमत बघा. तीनपैकी एलीयाच्या हातून प्रत्यक्ष एकच काम झालं. बारा जोड्या बैलांनी नांगरणाऱ्या अलीशाच्या अंगावर त्याने आपला झगा टाकला, तेवढंच. हजाएलाचं आणि येहूचं पुढे अलीशाच्या काळात झालं. येहूला अभिषेक करायला तर अलीशाही स्वतः गेला नाही, एका शिष्याला पाठवलं. प्रयोजन म्हणून जे मिळालं त्यातलं दोन तृतीयांश दुसऱ्यांच्या हातून पुरं झालं, आणि पहिलं पाऊल होतं सोबती मिळवणं. बैरशेब्याला ज्याला सोडलं होतं त्याची जागा भरून निघाली.

फॉर्ममध्ये हे मावत नाही. फॉर्म विचारतो, 'येत्या दहा वर्षांत तुला कुठे पोहोचायचंय?' तीनदा नापास झालेला मुलगा तिथे एकतर खोटं लिहितो, नाहीतर रिकामी जागा बघून आणखी खचतो.

लाकडी_जू

यिर्मया २९:११ बद्दल. ते वचन फ्रेम करून भिंतीवर लावण्यापूर्वी एकदा २८ वा अध्याय वाचावा. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू, म्हणजे बाबेलच्या गुलामीची खूण, मोडून दाखवतो. टाळ्या त्यालाच पडल्या असणार. खोटा ठरतो तो.

मग २९ वा अध्याय: कैद करून बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाचं पत्र. त्यात अकराव्या वचनाच्या आधी काय आहे? घरं बांधा. बागा लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित चिंता, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. आणि दहावं वचन: सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नाहीत! 'हिताचे संकल्प' हे त्या सत्तर वर्षांच्या पोटातले आहेत.

बैठकीत ११ वं वचन घ्याच, पण ४ ते १४ सलग वाचून घ्या आणि एकच प्रश्न विचारा: 'नको असलेल्या ज्या गावात, ज्या खोलीत, ज्या वर्षात तुम्ही अडकलात, तिथे लावता येईल अशी एक बाग कोणती?' उत्तर छोटं हवं. गल्लीतल्या दोन पोरांना गणित शिकवणं चालेल. 'समाजसेवा करीन' चालणार नाही.

फिलिप्पै ४:१३ चं तेच. 'मी सर्व काही करू शकतो' हे कैदेतला पौल लिहितोय, आणि आधीच्या दोन वचनांत उपास व तृप्ती, विपुलता व टंचाई या दोन्हींत राहायला आपण *शिकलो* असं म्हणतोय. ते परीक्षेच्या हॉल तिकिटावर लिहिण्याचं वचन नव्हे.

वसईचा_वारा

आमच्याकडे कॅथलिकांत यासाठी संत इग्नेशियसची (जेझुइट संघाचा संस्थापक) मनाची पारख करण्याची नियमावली वापरतात. प्रोटेस्टंट मंडळींनाही बिनधास्त वापरता येईल.

थोडी पार्श्वभूमी: १५२१ च्या मे महिन्यात स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी पडून असताना हातात पुस्तकं आली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की नंतरही समाधान टिकतं. सगळी पद्धत या *नंतरच्या चवीवर* उभी आहे. पुढे मानरेसा इथे तो स्वतः इतका खचला की जीव द्यावासा वाटला होता, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. त्यामुळे हे नियम आरामखुर्चीत बसून लिहिलेले नाहीत.

तुमच्या कामाचे तीन:

एक, पाचवा नियम. मन कोरडं असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. नोकरी सोडणं, साखरपुडा मोडणं, चर्च बदलणं, सेमिनरीत जाणं, सगळं थांबवा. हे जाणं-सोडणं चुकीचंच असतं असं नाही, पण त्या घडीला सल्ला देणारा मनातला आवाज भरवशाचा नसतो. (म्हणूनच तुमचा फॉर्म तिसऱ्या बैठकीत नको. निराशेत भरलेला प्रयोजनाचा फॉर्म म्हणजे धुक्यात काढलेला नकाशा.)

दोन, सहावा नियम. निर्णय बदलायचा नाही, पण स्वतःची वागणूक मात्र निराशेच्या उलट दिशेला थोडी ढकलायची. प्रार्थना दहा मिनिटांत गुंडाळावीशी वाटली तर अकरा मिनिटं बसायचं. एकच मिनिट जास्त, तास नव्हे.

तीन, नववा नियम. कोरडेपणाची तीन कारणं संभवतात: आपला आळस, आपली पारख, किंवा समाधान ही आपली कमाई नाही हे कळावं म्हणून. लोक धावत पहिल्या कारणावर येतात आणि स्वतःला झोडपत बसतात. तीनही तपासा.

रोजचा सराव म्हणजे 'एक्झामेन'. झोपण्यापूर्वी नव्हे, कारण तेव्हा झोप लागते. रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं. पायऱ्या पाच: दिवसाबद्दल आभार, दिसावं म्हणून प्रकाश मागणं, सकाळपासून तासातासाने दिवस परत फिरवणं, जिथे चुकलं तिथे क्षमा, उद्याची एक गोष्ट. बिघडतं कुठे, तर तिसऱ्या पायरीचा पंचनामा होतो. आठ मिनिटं चुका मोजण्यात जातात आणि आभार एका ओळीत उरकतात. खचलेल्या माणसासाठी पहिल्या दोन आठवड्यांत चौथी पायरी एका वाक्यावर आणा आणि पहिली पाच मिनिटं करा. आभार नेमके हवेत. 'आरोग्याबद्दल धन्यवाद' नको. 'दुपारी लाइट गेल्यावर शेजारच्या काकूंनी गॅलरीत खुर्ची दिली' असं.

सदाशिव_पेठेतली_खोली

वरच्यांना जोडून. तुमची मुलं अभ्यासिकेत बसणारी असतील तर त्यांना इव्हाग्रियस वाचून दाखवा. चौथ्या शतकातला, इजिप्तच्या वाळवंटातला तापस. तो 'अकेडिया' नावाच्या अवस्थेचं वर्णन करतो. ती सकाळी दहाच्या सुमारास येते आणि दोनपर्यंत बसते. सूर्य हलतच नाही असं वाटतं. जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे हे बघायला माणूस पुन्हापुन्हा खिडकीशी जातो. मग ती जागा नकोशी होते, काम नकोसं होतं, 'इथल्या लोकांत प्रेमच उरलं नाही' असं वाटतं, आणि दुसऱ्या कुठल्यातरी गावी हेच काम किती सोपं होईल याची चित्रं दिसू लागतात.

सूर्याच्या जागी मोबाईलचं घड्याळ ठेवा, बाकी एक शब्द बदलावा लागत नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्या खुर्चीचं वर्णन करतोय हे कळलं की अर्धी लाज तिथेच उतरते.

उपाय दोन. पहिला: जागा सोडायची नाही, पण हात हलता ठेवायचा. संत अँथनीची गोष्ट तिथलीच. तो असाच वैतागून 'मी काय करू?' विचारतो, तर त्याला स्वतःसारखाच एक जण दिसतो: बसून दोर वळतोय, उठून प्रार्थना करतोय, पुन्हा बसून दोर वळतोय. हे कर, एवढंच उत्तर. व्यवहारात ४० मिनिटं काम, ५ मिनिटं उभं राहून एक स्तोत्र, पुन्हा ४०. स्तोत्र उभं राहूनच म्हणायचं. बसून म्हटलं की हात मोबाईलकडे जातो.

दुसरा: इव्हाग्रियस सांगतो की जिवाचे दोन भाग करा, एक धीर देणारा आणि एक धीर घेणारा, आणि ४२ वं स्तोत्र म्हणा: 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' ४२ आणि ४३ मिळून मूळचं एकच स्तोत्र, आणि हे पालुपद त्यात तीनदा येतं. एकदा म्हणून भागलं नाही म्हणूनच तीनदा आलंय. बैठकीत गट दोन ओळींत समोरासमोर उभा करा, एका ओळीने कडवं, दुसरीने पालुपद, मग अदलाबदल. पाच मिनिटं लागतात आणि कुणाला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही. लाजऱ्या मुलांसाठी हे महत्त्वाचं.

ओवी_आणि_आमेन

स्तोत्रांचा विषय निघालाच आहे तर विलाप लिहून घेण्याची कृती देते. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि आपल्या उपासनेत गायली जातात ती उरलेली. मराठी कानाला खरं तर हे परकं नाही. 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' म्हणणारे तुकोबा देवाशी भांडले म्हणून कुणी त्यांना अविश्वासू म्हणत नाही. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग निवडला, त्यात ही मोकळीकही आयतीच आली.

नमुना १३ वं स्तोत्र. फक्त सहा वचनं, तीन घड्या. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा. पुढच्या दोनांत मागणी. शेवटच्या दोनांत भरवसा.

कृती: अर्धा कागद, पेन, २० मिनिटं. आठ मिनिटं गाऱ्हाणं, आणि ते देवाला उद्देशून, 'तू' म्हणून. 'मला वाईट वाटतंय' ही डायरी झाली. 'तू कुठे होतास?' ही प्रार्थना. चार मिनिटं मागणी, क्रियापदांत: बघ, उत्तर दे, थांबव, पाठव. तीन मिनिटं 'तरीपण' ने सुरू होणारं एक वाक्य. उरलेली पाच मिनिटं शांत. कागद गोळा करायचे नाहीत, वाचायला लावायचे नाहीत.

हमखास चुकतं ते 'तरीपण' पाशी. सूत्रधार घाई करतो, मुलं शोभेल असं काहीतरी लिहितात. ज्याला ते वाक्य येत नसेल त्याला ८८ वं स्तोत्र द्या. त्यात 'तरीपण' नाहीच. मूळ हिब्रूत शेवटचा शब्द 'अंधार' आहे. तेही पवित्र शास्त्रातच आहे आणि तेही 'हे माझ्या उद्धारक देवा' असं म्हणूनच सुरू होतं.

रात्रपाळी

वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही म्हणून. निराशा आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी आहेत. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा, अपराधीपणा यांत बिघाड असेल तर डॉक्टर. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यावं. बरेचदा 'आध्यात्मिक कोरडेपणा' म्हणतात त्यात यांचाही वाटा असतो. गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि 'प्रार्थनेने बरं वाटतंय' म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. त्या दिवसांत उपासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लूक वैद्य होता आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, हे वडीलधाऱ्यांपुढे उपयोगी पडतं.

एखादा 'नको वाटतंय सगळं' म्हणाला तर सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या एका माणसाला कळवायचं, त्याच दिवशी दवाखाना. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा, सगळ्यांसाठी, कुणा एकाकडे न बघता.

आणि सोबत करणाऱ्यांना ईयोबाचे मित्र दाखवा, सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला आलेले. सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर ते उत्तम होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवानेच त्यांना चूक ठरवलं.

मधली_सुट्टी

बरं, फॉर्मचा मुद्दा सोडला. पण पाचवी-सहावीतल्या साक्षी तरी ठेवा. उदाहरणाशिवाय मुलं ऐकत नाहीत.

लाकडी_जू

साक्षींचा धोका असा की त्यांत शेवटी नोकरी लागतेच. ज्याला लागली नाही तो मागच्या बाकावर बसून ऐकतो.

उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई घ्या, पण 'महान कार्य' या मथळ्याखाली नको, कामांच्या क्रमाने घ्या. दुष्काळात आई-वडील गेले. मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ च्या धर्मांतराच्या वादात सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मुली आणल्या त्या तिथे. म्हणजे मुक्ती सदन उभं राहिलं ते आधी खणलेल्या विहिरींच्या पाण्यावर. विणकाम, घाणा, छापखाना, दूध, शेती, सगळं मुलींच्या हातचं. आणि या व्यापात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. १९२१ ला मुलगी मनोरमा गेली. बाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला निघाला.

छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. एलीयाच्या तीन कामांशी ताडून बघा.

मंगळवारची_बैठक

सगळ्यांचे आभार. नवा आराखडा: पहिली बैठक १ राजे १९, फक्त आठव्या वचनापर्यंत, गुहेपर्यंत जायचंच नाही. आठवडाभराचा गृहपाठ झोप आणि जेवणाच्या वेळा लिहिणं. १४४१६ फळ्यावर. दुसरी: स्तोत्र १३, अर्धा कागद. तिसरी: अकेडिया आणि ४२ वं स्तोत्र दोन ओळींत. चौथी: एक्झामेन आणि पाचवा नियम. पाचवी: यिर्मयाचं पत्र आणि 'एक बाग'. सहावी: गुहा, तीन कामं, रमाबाई, प्रत्येकाने एक छोटं काम आणि एक सोबती ठरवायचा. फॉर्म रद्द.

एक शंका. पहिल्या बैठकीत वाचन आधी की खाणं आधी? बैठक साडेसातला, मुलं थेट अभ्यासिकेतून येतात.

कुंभारवाडा

खाणं. आणि बिस्किटं नकोत, गरम काहीतरी ठेवा. कुणी विचारलं 'आज काय विशेष?' तर उत्तर द्यायचं नाही, पाचव्या वचनापर्यंत थांबायचं.

ओवी_आणि_आमेन

पंधरा जणांना तीस भाकऱ्या धरा. दूत दोनदा आला होता.